नळातली लाट, नाडीतली लाट : मधुमेह, धमन्या आणि बाहेरून घेतलेला कानोसा

(थ्रेड) तानसा धरणाचे पाणी मुंबई १८९२ पासून पीत आहे. शहापूर तालुक्यातून निघालेल्या त्या अजस्र नळांतील पाण्याचे गणित आणि एखाद्या मधुमेही माणसाच्या हृदयाचे भविष्य या दोन गोष्टींच्या मुळाशी एकच सूत्र आहे. हे विधान अलंकारिक नाही. सूत्र खरोखर एकच आहे, आणि ते १८७८ साली मांडले गेले. आजचा थ्रेड त्याविषयी. लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रश्न अगदी साधा आहे. मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याकडे असलेल्या धसईसारख्या गावात एक पन्नाशीचा शेतकरी आहे असे समजा. अंगाने काटक, भाताची लावणी अजून स्वतः करणारा. गेली आठ वर्षे त्याला 'शुगर आहे'. छातीत कधी दुखलेले नाही. त्याच्या हृदयाच्या धमन्या कोणत्या अवस्थेत आहेत, हे शरीरात सुई किंवा नळी न घालता, बाहेरून कळू शकेल काय?

छातीत दुखत नाही म्हणजे हृदय ठीक आहे, असे इतरांच्या बाबतीत काही अंशी म्हणता येते. मधुमेहात तेवढाही भरवसा नाही. दीर्घकाळ वाढलेली साखर मज्जातंतूंना इजा करते. ज्या तंतूंनी पायाची जखम कळवायची ते जसे मुके होतात, तसेच हृदयाची वेदना कळवणारे तंतूही मंदावतात. मग झटका येऊन जातो आणि माणसाला 'जरा दम लागला', 'घाम फुटला' एवढेच आठवते. डॉक्टर यालाच सायलेंट अटॅक म्हणतात.

मधुमेह आणि हृदयविकार यांचे नाते आकड्यांत पकडले ते अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या लहानशा शहराने. १९४८ पासून तेथील हजारो रहिवाशांची नियमित तपासणी होत आली आहे. त्या नोंदींच्या आधारे १९७९ मध्ये विल्यम कॅनेल आणि डॅनियल मॅकगी यांनी दाखवून दिले की, मधुमेहींना हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार कितीतरी अधिक होतात आणि मधुमेही स्त्रियांमध्ये ही वाढ पुरुषांहून ठळक असते. हे फ्रेमिंगहॅम ध्यानात ठेवा. पुढे त्याच्याशी थोडे भांडायचे आहे.

आता मागे जाऊ. रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तो अत्यंत क्रूर रीतीने. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने एका घोडीला आडवी बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळेची नळी घातली आणि तिला उंच काचनळी जोडली. रक्त आठ फुटांहून अधिक चढले. १७३३ मध्ये त्याने हा वृत्तांत प्रसिद्ध केला. मोजमाप अचूक होते. पण माणसावर असे कोण करू देणार? 'बाहेरून' मोजण्याची धडपड येथून सुरू होते.

आपल्याकडे बाहेरून पाहण्याची परंपरा होतीच. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी नाडी पाहण्याचे सविस्तर वर्णन आयुर्वेदाच्या ग्रंथांत प्रथम येते ते शार्ङ्गधर संहितेत, म्हणजे साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. चरक-सुश्रुतांमध्ये ते तसे नाही. अनेकांना याचे आश्चर्य वाटते. वैद्याच्या बोटांना नाडीची चाल कळत होती, यात शंका नाही. तथापि बोटाला जे कळले ते कागदावर उतरत नव्हते. एका वैद्याची नाडी दुसऱ्याला दाखवता येत नव्हती, आणि आजची नाडी दहा वर्षांनंतरच्या नाडीशी ताडून पाहता येत नव्हती.

ती कागदावर उतरवली एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १८६० मध्ये. मनगटावर एक स्प्रिंग, तिला जोडलेली लांब तरफ, तरफेच्या टोकाला टोचणी, आणि काजळी धरलेला कागद सरकवणारे घड्याळाचे यंत्र. नाडी उडाली की काजळीवर पांढरी रेघ वर चढायची, मग उतरायची. हृदयाची प्रत्येक उसळी आपला नकाशा स्वतःच काढू लागली.

आणि येथे या गोष्टीत एक भारतीय वंशाचा तरुण येतो, ज्याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवे होते. फ्रेडरिक अकबर महोमेद. त्याचे आजोबा पाटण्याचे साके दीन महोमेद. लंडनमध्ये १८१० साली पहिले भारतीय उपाहारगृह उघडणारे ते हेच. नातू लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये शिकला आणि विद्यार्थिदशेतच, १८७२ मध्ये, मारेच्या यंत्रात सुधारणा केली.

महोमेदने नाडीच्या त्या रेघांचा आकार वाचायला सुरुवात केली. वाढलेला रक्तदाब हा मूत्रपिंड बिघडल्याचा केवळ परिणाम असतो, असा तेव्हा समज होता. मूत्रपिंड धडधाकट असलेल्या माणसांतही नाडीची रेघ 'ताणलेली' असू शकते आणि आजार त्यानंतर येतो, हे त्याने दाखवले. नाडीवरून आजचे दुखणे सांगणे वेगळे आणि उद्याचे सांगणे वेगळे. माझ्या मते दुसऱ्या कामाचा आधुनिक आरंभ येथे होतो. १८८४ मध्ये विषमज्वराने तो गेला, तेव्हा अवघा पस्तिशीचा होता.

आता नळांकडे वळू. पण आधी एक गैरसमज दूर करायला हवा. मनगटावर जो ठोका लागतो, तो हृदयातून नुकत्याच निघालेल्या रक्ताचा नसतो. एसटीच्या दारात गर्दी असताना मागच्याने ढकलले की धक्का पुढच्या माणसापर्यंत क्षणात पोहोचतो, ढकलणारा मात्र अजून मागेच असतो. तसेच येथे होते. रक्त संथपणे पुढे सरकते आणि धक्क्याची लाट धमनीच्या भिंतीवरून त्याच्या कितीतरी पुढे धावते. या लाटेचा वेग धमनीच्या लवचिकपणावर अवलंबून असतो, हे इंग्लंडच्या थॉमस यंगने १८०८ च्या व्याख्यानात मांडले होते. प्रकाशाच्या लाटांवर काम करणारा आणि रोझेटा शिळेच्या वाचनात हात असलेला यंग तो हाच.

१८७८ मध्ये नेदरलँड्सच्या मोएन्स आणि कोर्तेवेग यांनी त्याचे नेमके सूत्र दिले. नळीची भिंत जितकी कडक आणि जाड, तितकी लाट वेगवान; नळी जितकी रुंद, तितकी लाट मंद. कोर्तेवेगने केवळ रबरी नळीचा नव्हे, तर पाण्याच्या स्वतःच्या दाबले जाण्याचाही हिशेब त्यात धरला. म्हणून वीस वर्षांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यात झडप एकदम बंद केली की नळ का फुटतात, याचा अभ्यास झुकोव्स्कीने केला तेव्हा हेच गणित कामी आले. लांब पल्ल्याचा पाण्याचा नळ आखणारा अभियंता आजही त्याला टाळू शकत नाही.

फरक फक्त आकड्यांचा आहे. लोखंडी नळात ही लाट सेकंदाला सुमारे १००० मीटर धावते. तरुण माणसाच्या महाधमनीत ती सेकंदाला ५-६ मीटर असते. वय वाढते तसा वेग वाढतो, १० ओलांडतो, कधी १२-१५ होतो. म्हणजे धमनी हळूहळू 'नळ' होत जाते. धमनीने नळ होणे हेच या सगळ्या कथेतले दुखणे आहे.

१९२२ मध्ये ब्रॅमवेल आणि ए. व्ही. हिल यांनी माणसातील हा वेग मोजून त्याचा धमनीच्या लवचिकपणाशी संबंध स्पष्ट केला. याच हिलना १९२२ चे नोबेल मिळाले (ते स्नायूंवरील कामासाठी). १९४३-४४ मध्ये ते भारतात आले आणि देशात एक अखिल भारतीय वैद्यकीय केंद्र असावे, अशी शिफारस करून गेले. पुढे एम्स उभे राहिले, त्यामागच्या विचारांत ही शिफारसही होती. हे जरा विषयांतर झाले, पण ही माणसे आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत.

मोजायचे कसे? मानेच्या आणि जांघेच्या नाडीवर एकेक संवेदक ठेवायचा. दोन्हीकडे लाट किती अंतराने पोहोचली तो वेळ पाहायचा. टेपने अंतर मोजायचे आणि भागाकार करायचा. सुई नाही, रक्त नाही. युरोपीय तज्ज्ञांनी २००७ मध्ये धोक्याची रेषा सेकंदाला १२ मीटरवर ठेवली होती. २०१२ मध्ये अंतर मोजण्याची पद्धत सुधारून ती १० वर आणली.

मधुमेहात धमनी लवकर कडक का होते? त्याचे एक कारण स्वयंपाकघरात दिसते. भाकरीला खरपूस तांबूस रंग येतो, तो साखर आणि प्रथिने तापून एकमेकांना चिकटल्यामुळे. लुई मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही प्रक्रिया वर्णिली. शरीरात तवा नाही, तापमान फक्त ३७ अंश. पण वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली तर तीच प्रक्रिया अत्यंत सावकाश घडते. धमनीच्या भिंतीतील कोलॅजेनचे धागे एकमेकांना साखरेच्या गाठींनी बांधले जातात आणि ताणले जायचे थांबतात.

मग हृदयावर दुहेरी भार पडतो. पुढे गेलेली लाट शरीराच्या खालच्या भागातून परावर्तित होऊन मागे येते. लवचिक धमनीत ती उशिरा, म्हणजे हृदय सैल पडलेले असताना पोहोचते आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त भरायला मदत करते. कडक धमनीत ती घाईने परतते. हृदय अजून आकुंचन पावत असते, त्याला तिच्याविरुद्ध जोर लावावा लागतो आणि सैल पडण्याच्या वेळचा आधारही नाहीसा होतो. श्रम वाढले आणि पुरवठा घटला.

२००२ मध्ये लंडनच्या क्रूकशँक आणि सहकाऱ्यांनी मधुमेहींमध्ये हा वेग मोजून पुढील वर्षांत कोण जगले, कोण गेले याची नोंद प्रसिद्ध केली. दर सेकंदाला १ मीटर वेग वाढला की मृत्यूचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढत होता. विशेष म्हणजे हा वेग हिशेबात घेतल्यावर वरच्या रक्तदाबाच्या आकड्याला वेगळे सांगण्यासारखे फारसे उरले नाही. महोमेदच्या काजळीच्या रेघांना असा आकडा मिळायला १३० वर्षे लागली.

परंतु हे यंत्र महाग, ते हाताळणारा माणूस प्रशिक्षित. धसईपर्यंत ते कधी यायचे? म्हणून या इतिहासाची दुसरी, अधिक गरीब शाखा पाहू. ती पायापाशी सुरू होते.

बीपी मोजण्याचा पट्टा रीव्हा-रोच्ची या इटालियन डॉक्टरने १८९६ मध्ये आणला. स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकण्याची रीत कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने १९०५ मध्ये सांगितली. त्याचा निबंध जेमतेम पानभर होता. हाच पट्टा दंडाऐवजी पोटरीखाली, घोट्याच्या वर बांधला तर? अमेरिकेच्या ट्रॅव्हिस विन्सरने १९५० मध्ये हात आणि पाय यांच्या दाबांची अशी तुलना केली. तिलाच आज एबीआय म्हणतात.

गणित तिसरीच्या मुलाला जमेल. आडवे झोपलेल्या माणसाच्या दंडावर वरचा आकडा १३० आणि घोट्याशी १०४ आला, तर १०४ भागिले १३० म्हणजे ०.८. निरोगी माणसात घोट्याचा आकडा दंडाइतका किंवा किंचित जास्त असतो. भागाकार ०.९ किंवा त्याहून कमी आला, तर पायाच्या धमन्यांत कुठेतरी अडथळा आहे.

पायाचा हृदयाशी काय संबंध? फार जवळचा. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील मायकेल क्रिकी यांच्या गटाने अशा बाहेरून केलेल्या चाचण्यांनी पायांच्या धमन्या तपासलेल्या लोकांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. ज्यांच्या पायांच्या मोठ्या धमन्यांत विकार होता, त्यांचा हृदयाच्या धमन्यांच्या आजाराने मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या सहापटींहून अधिक होता. त्यातील पुष्कळांना चालताना पाय दुखण्याची तक्रारही नव्हती. पाय सुस्थितीत वाटत होते आणि तेच पाय हृदयाविषयी सांगत होते.

येथवर सोपे वाटते. पण मधुमेहात हीच सर्वांत स्वस्त चाचणी फसवते, आणि ती कशी फसवते हे समजून घेण्यासारखे आहे.

१९०३ मध्ये म्यॉन्केबेर्ग या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने एक वेगळा विकार वर्णिला. त्यात धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात चुना साचतो. आतली पोकळी बुजत नाही, पण भिंत चिलमीच्या देठासारखी कडक होते. दीर्घकाळच्या मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्यांना हे वारंवार होते. आता पट्टा फुगवला तरी धमनी दबतच नाही. दंडावर १३० असताना घोट्याशी २०० येतात, भागाकार १.५ च्या वर जातो. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, पाय फारच उत्तम आहेत! आत अडथळा असला, तर तोही या चुन्याआड लपतो आणि कधी भागाकार नेमका १.० येऊन सारे 'नॉर्मल' दिसते.

म्हणून मधुमेहींच्या बाबतीत १.४ च्या वरचा आकडा हाही धोक्याचाच मानला जातो. त्यावरचा उपाय अगदी टोकाला आहे. पायाच्या अंगठ्यातील बारीक धमन्यांत हा चुना सहसा साचत नाही. तेथे इवलासा पट्टा बांधून दाब मोजला की खरे कळते. अंगठा आणि दंड यांचा भागाकार ०.७ च्या खाली असणे चिंतेचे. द्रोणाचार्यांनी अंगठा मागितला होता, मधुमेहाचा तपासनीसही तोच मागतो. (विनोद क्षम्य असावा. आणि एकलव्याचा तो हाताचा होता, हे मला ठाऊक आहे.)

आता आपल्याच मुंबईत येऊ. धमनी दाबावीच लागू नये, अशी एक रीत आहे. रक्त विजेचे चांगले वाहक असते. पायाला चार पट्ट्या लावायच्या. बाहेरच्या दोन पट्ट्यांतून, जाणवणारही नाही असा सूक्ष्म, अतिजलद दिशा बदलणारा प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन पट्ट्यांवर विरोध मोजायचा. प्रत्येक ठोक्याला पायात रक्त येते, तेव्हा विरोध किंचित घटतो. ती घट कागदावर उमटते. अमेरिकेत यान नायबोअरने १९४० च्या दशकात या रीतीचा पाया घातला आणि १९६६ मध्ये कुबिचेकच्या गटाने ती अंतराळ संशोधनाच्या निमित्ताने हृदयासाठी विकसित केली.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हे यंत्र देशी बनावटीचे तयार झाले. अणुभट्ट्यांच्या संस्थेत नाडीचे यंत्र, हे ऐकायला विचित्र वाटते. पण सूक्ष्म विद्युतसंकेत गोंगाटातून वेगळे काढण्याचे कसब तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसांकडे होते. जी. डी. जिंदाल हे नाव या कामाशी दीर्घकाळ जोडलेले राहिले. आणि रुग्ण होते परळला, केईएम रुग्णालयात.

केईएमचे डॉ. जी. बी. पारुळकर हे हृदय व रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक. १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले, ते याच रुग्णालयात. पारुळकर त्यांचे सहकारी. छाती उघडण्यात हयात घालवलेल्या माणसाने शरीर न उघडता पाहण्याच्या यंत्रामागे उभे राहावे, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत लोभस गोष्ट वाटते. १९८१ मध्ये पायाच्या धमन्या तुंबलेल्या रुग्णांवरील या यंत्राची निरीक्षणे पारुळकर आणि सहकाऱ्यांनी 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केली. १९५५ पासून निघणारे हे नियतकालिक केईएमच्याच परिवारातले. १९९० मध्ये त्याच पानांवर या तंत्राची तत्त्वे व उपयोग सांगणारे आणखी लेख आले.

त्या आलेखात दोन गोष्टी पाहत. लाटेची उंची, म्हणजे रक्त किती आले. आणि लाट येण्यातील विलंब, म्हणजे वाटेत काय आहे. अडथळ्याच्या खाली लाट बुटकी होते आणि उशिरा येते. धमनी चुन्याने कडक झाली असली तरी या मोजणीला तिला दाबावे लागत नाही, हे मधुमेहाच्या दृष्टीने मोलाचे. अर्थात हे यंत्र प्रामुख्याने हातापायांच्या रक्तवाहिन्यांसाठी होते, हृदयाचे भाकीत सांगण्यासाठी नव्हे. पुढे या मालिकेतून नाडीच्या लाटांचे विश्लेषण करणारे यंत्रही ट्रॉम्बेत झाले आणि त्याची सांगड नाडीपरीक्षेशी घालण्याचे प्रयत्न झाले. त्याविषयी माझे मत सावध आहे. यंत्राने नाडी नोंदवली म्हणजे ग्रंथातील नाडीशास्त्र सिद्ध झाले असे होत नाही.

तोवर जगभर सोनोग्राफीचे दिवस आले होते. १९८६ मध्ये मिलानच्या पाओलो पिग्नोली आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, मानेच्या धमनीची भिंत सोनोग्राफीत दोन समांतर रेषांसारखी दिसते आणि त्या रेषांमधील अंतर म्हणजे भिंतीच्या आतल्या दोन थरांची जाडी. मिलिमीटरच्या अंशांत धमनीचे वय मोजता येऊ लागले. २००० मध्ये चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने तेथील लोकसंख्येत हे मोजले. मधुमेहींची सरासरी ०.९५ मिमी, मधुमेह नसलेल्यांची ०.७४. इतकुसा फरक, पण त्यामागे वर्षांची साखर आहे.

आता फ्रेमिंगहॅमशी भांडण. धोका मोजण्याची कोष्टके ज्या माणसांवरून बनली ते बहुतांश गोऱ्या वंशाचे, आपल्याहून उंच, धिप्पाड. धसईचा काटक शेतकरी त्या कोष्टकात घातला की तो 'बारीक आहे, धोका कमी' अशा रकान्यात जाऊन बसतो.

हा रकाना किती खोटा आहे, हे पुण्याने दाखवले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. वजनकाट्यावर समान, आतून दुपटीहून अधिक फरक. त्याआधी, १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या गटाने गर्भवतींचा अभ्यास सुरू केला होता. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, पण त्या लहानशा शरीरातही चरबी तुलनेने राखलेली आणि स्नायू कमी. दिसायला बारीक, आतून 'लठ्ठ'. आणि ही कथा जन्माआधीच सुरू झालेली.

मधुमेह हा शहरी सुखवस्तूंचा आजार, हा समजही असाच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत महाराष्ट्राच्या शहरी भागात प्रौढांपैकी १०.९ टक्के आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के मधुमेही आढळले. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी आकड्यांनुसार भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. त्यात शेत कसणारे, वीटभट्टीवर राबणारे, बारीक अंगाचे असंख्य लोक आहेत.

मग सगळ्यांच्या माना सोनोग्राफीखाली धराव्यात काय? इतिहास येथे थोडा निरुत्साही करतो. अमेरिकेच्या हृदयतज्ज्ञ संघटनांनी २०१० च्या मार्गदर्शनात मानेच्या धमनीची जाडी मोजणे 'वाजवी' म्हटले होते. तीनच वर्षांनी, २०१३ मध्ये, नेहमीच्या तपासणीत ती मोजू नये असे सांगितले. चाचणी खोटी नव्हती. पण वय, बीपी, साखर, तंबाखू, कोलेस्टेरॉल हे आधीच माहीत असताना ती त्यात फारच थोडी भर घालत होती, आणि मोजणाऱ्याचा हात किंचित चुकला की तेवढीही भर पुसली जात होती.

२००९ चा एक निकाल अधिक बोचरा. लक्षणे नसलेल्या ११२३ मधुमेहींपैकी निम्म्यांची हृदयाची महागडी अणुतपासणी केली, निम्म्यांची नाही. जवळपास पाच वर्षांनी पाहिले तर झटके आणि हृदयविकाराचे मृत्यू दोन्ही गटांत सारखेच, आणि दोन्हीकडे अपेक्षेपेक्षा कमी. कारण या काळात दोन्ही गटांतील लोक औषधे नीट घेऊ लागले होते. औषधाचा परिणाम किती, हे २००४ च्या एका ब्रिटिश-आयरिश चाचणीत आधीच दिसले होते. मधुमेहींना कोलेस्टेरॉलची साधी, लहान गोळी रोज दिल्यावर हृदय व मेंदूचे मोठे झटके ३७ टक्क्यांनी घटले. म्हणूनच आज चाळिशीपुढील बहुतेक मधुमेहींना ती गोळी सुचवताना कोणत्याही धमनी-चाचणीची वाट पाहिली जात नाही.

याचा धसईपुरता अर्थ असा की, तेथे अत्याधुनिक यंत्र नाही म्हणून त्या शेतकऱ्याचे सर्वस्व बुडाले, असे नाही. त्याची गोळी, त्याचे बीपी, त्याची तंबाखू आणि घरातल्या बाईची मशेरी यांचा निर्णय यंत्राविना होऊ शकतो. पण यंत्रे निरुपयोगी आहेत, असे म्हणणेही मला मान्य नाही. चाळिशीच्या आतला, नुकताच मधुमेह लागलेला तरुण. गोळ्या अर्ध्यावर सोडून दिलेली बाई. आणि ज्यांच्या पायाची जखम पुढे पाय कापण्यापर्यंत जाईल असे रुग्ण, यांच्यासाठी घोट्याचा आणि अंगठ्याचा आकडा निर्णय बदलू शकतो. 'तुमच्या पायाची नाडी लागत नाही' हे वाक्य ऐकलेला माणूस गोळी सहजी सोडत नसावा, असा माझा कयास.

धसईचे नाव राज्यभर झाले ते डिसेंबर २०१६ मध्ये, महाराष्ट्रातील पहिले 'कॅशलेस' गाव म्हणून. दुकानोदुकानी कार्ड घासण्याची यंत्रे आली. गावाला यंत्राचे वावडे नाही, हे त्यावरून दिसले. यंत्रामागे बँक, जोडणी आणि शिकवणारा माणूस लागतो, हेही दिसले. धमन्यांचेही तसेच आहे. २०१० पासून मधुमेह आणि हृदयविकारासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, तीस वर्षांवरील लोकांची साखर आणि बीपी गावपातळीवर पाहिली जाते. म्हणजे पट्टा गावात आहेच. त्याच्या जोडीला तळहातावर मावणारा, बॅटरीवर चालणारा डॉप्लर लागतो. (धमनीतील रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या या तंत्राचा आरंभ जपानमध्ये, १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिगेओ सातोमुरा यांनी केला.) आणि लागतात पंधरा मिनिटे.

डॉप्लर नसेल तर दोन बोटे तरी आहेत. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत एक नाडी लागते. दुसरी आतल्या घोट्याच्या मागे, खळग्यात. काही निरोगी माणसांनाही पावलावरची नाडी जन्मतः लागत नाही, म्हणून घोट्यामागचीही पाहायची, आणि दोन्ही पायांची पाहायची. चारही ठिकाणी शोधून न लागलेली नाडी डॉक्टरांना सांगायची. मधुमेहात नाडी लागली तरी पायाची तपासणी वर्षातून एकदा करायचीच असते.

पुढील थ्रेड : साके दीन महोमेद, पाटण्याहून ब्रायटनपर्यंत. या थ्रेडविषयी शंका असल्यास खाली विचाराव्यात. औषधांविषयीच्या मात्र आपल्या डॉक्टरांना.